वहीचं शेवटचं पान

गेल्या जानेवारीत मी एका मुलाच्या वहीचं पान फाडलं. तेव्हा ते मला शिस्तीचं काम वाटलं होतं. आता तसं वाटत नाही, म्हणून लिहितो आहे.

आमची शाळा उर्दू माध्यमाची. मी सातवीला मराठी शिकवतो, दुसऱ्या एका वर्गाला उर्दूही. आमच्या मुलांची मराठीत एक ठरलेली अडचण असते. उर्दूत जेर, जबर, पेश या खुणा सहसा कुणी लिहीत नाही. वाचणारा अंदाजाने समजून घेतो. तीच सवय मराठीच्या वहीत येते. 'दिवस'चा 'दवस' होतो, 'मुलगा'चा 'मलगा' होतो. मग मी ओरडतो, 'वेलांटी कुठे गेली?' हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा तरी म्हणत असेन. मला मात्र त्याचा पत्ता नव्हता. मुलांना होता.

त्या दिवशी वह्या तपासताना एका वहीचं शेवटचं पान उघडलं गेलं. पेन्सिलीने चार चौकटी आखलेल्या. पहिल्या चौकटीत मी: चष्मा, दाढी, हातात खडू. दुसरीत माझे गाल फुगलेले. तिसरीत मान गायब, कानांच्या जागी दोन दांडे. चौथीत मी नव्हतोच. तिथे चष्मा लावलेला प्रेशर कुकर होता, शिट्टीतून वाफ निघत होती आणि खाली एक ओळ लिहिली होती. ती मी वाचली नाही. वर्ग बघत होता. दोघे-तिघे तोंडावर हात ठेवून बसले होते, म्हणजे चित्र आधीच सगळ्या बाकांवरून फिरून आलेलं होतं. मी पान टर्रकन फाडलं, चार तुकडे केले, खिशात कोंबले आणि सांगितलं, 'उद्या अब्बूंना घेऊन ये.'

अब्बू दुसऱ्या दिवशी आले. बेकरीत भट्टीवर काम करतात, रातपाळी संपवून थेट शाळेत आले होते. बाह्यांवर मैदा तसाच. चित्र काय होतं ते त्यांनी विचारलंही नाही. म्हणाले, 'सर, गोश्त आपका, हड्डी हमारी.' मुलगा खाली मान घालून उभा होता.

रात्री खिसा रिकामा करताना ते चार तुकडे निघाले. टेबलावर जुळवून पाहिले आणि त्या चार चौकटी मला एकदम ओळखीच्या वाटल्या. असंच काहीतरी मी पाहिलं होतं. बी.एड.ला असताना 'शैक्षणिक साधने' हा विषय होता. चित्र, तक्ता, फ्लॅश कार्ड यांचं महत्त्व मी उत्तरपत्रिकेत पानभर लिहिलं होतं. त्या निमित्ताने वाचनालयातून युरोपातल्या जुन्या व्यंगचित्रांचं एक पुस्तक आणलं होतं. त्यात चार चौकटींत हळूहळू नासपती होत गेलेला एक राजा होता.

ती हकीकत फ्रान्सची. १८३० च्या जुलैत पॅरिसमध्ये क्रांती झाली आणि लुई फिलिप गादीवर आला. नव्या सनदेत लिहिलं होतं की सेन्सॉरशिप पुन्हा कधीही आणली जाणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात शार्ल फिलिपाँ या माणसाने 'ला कारिकात्यूर' नावाचं साप्ताहिक सुरू केलं. त्यात शिळाछापाची मोठी चित्रं असत. राजा क्रांतीच्या खुणांवर गवंड्यासारखा गिलावा करतो आहे, असं एक चित्र १८३१ मध्ये निघालं आणि फिलिपाँवर खटला भरला गेला. १४ नोव्हेंबर १८३१ ला तो न्यायालयात उभा राहिला. सरकारचं म्हणणं, गवंड्याचा चेहरा राजासारखा दिसतो. फिलिपाँने तिथेच कागद घेतला आणि चार चित्रं काढली. पहिल्यात राजाचा चेहरा, कपाळ निमुळतं आणि गाल भरलेले. दुसऱ्यात गाल अजून खाली उतरलेले. तिसऱ्यात चेहरा कमी आणि फळ जास्त. चौथ्यात नुसती नासपती. त्याचा युक्तिवाद असा: पहिलं चित्र राजासारखं दिसतं म्हणून शिक्षा द्याल, तर दुसऱ्यालाही द्यावी लागेल, कारण ते पहिल्यासारखं दिसतं. मग तिसऱ्याला. मग चौथ्याला. आणि मग देशातल्या सगळ्या नासपतींना.

न्यायालय हसलं असेल, पण सोडलं नाही. सहा महिने कैद आणि दोन हजार फ्रँक दंड झाला. फिलिपाँने ती चार चित्रं छापली. फ्रेंच बोलीत नासपती म्हणजे 'भोळसट, मूर्ख' असाही अर्थ होतो. मग काय, पॅरिसच्या भिंतीभिंतीवर नासपती दिसू लागली. ती काढायला चित्रकार असावं लागत नव्हतं. कोळशाचा तुकडा पुरे होता, म्हणून रस्त्यावरची पोरंही काढत.

ऑनोरे दोमिए हा त्याच वर्तुळातला तरुण चित्रकार, तावदानं बसवणाऱ्याचा मुलगा. त्याने राजाला बकासुरासारखा दाखवला: राजा आ वासून बसला आहे, जिभेसारखी एक लांब फळी खाली टेकली आहे आणि तिच्यावरून माणसं पाठीवर पैशांच्या टोपल्या घेऊन तोंडापर्यंत चढत आहेत. त्यालाही सहा महिन्यांची कैद झाली. फिलिपाँच्याच 'ल शारिवारी' या दैनिकावर खटला झाला आणि शिक्षेचा निकाल अंकात छापावा लागला, तेव्हा त्याने फेब्रुवारी १८३४ मध्ये तो निकाल छापलाच. फक्त ओळी अशा जुळवल्या की सगळ्या मजकुराचा आकार नासपतीचा झाला.

या माणसांचं धाडस मला आवडतं. पण त्या रात्री त्यापेक्षा मला सरकारचं डोकं जास्त कळू लागलं, कारण दुपारी मी सरकारच्याच खुर्चीत बसलो होतो.

२८ जुलै १८३५ ला लुई फिलिपच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. राजा वाचला, अठरा माणसं मेली. त्या धक्क्याचा आधार घेऊन सप्टेंबरमध्ये नवा कायदा आला. कोणतंही चित्र, कोरीवकाम किंवा शिळाछाप आधी सरकारी परवानगी घेतल्याशिवाय छापायचं नाही, विकायचं नाही, मांडायचंही नाही. लेखांना मात्र अशी आधीची परवानगी लागत नव्हती. छापल्यावर खटला होई, जबर दंड होई, पण छापण्याआधी कुणाला दाखवावं लागत नसे. मग 'सेन्सॉरशिप कधीही आणणार नाही' या वचनाचं काय? मंत्र्यांचं उत्तर तयार होतं: सनदेने मताला स्वातंत्र्य दिलं आहे. चित्र थेट डोळ्यांशी बोलतं, भावना पेटवतं, म्हणून ते नुसतं मत नाही, ती कृती आहे.

'ला कारिकात्यूर' तेव्हा बंद पडलं. चित्रांवरची ही पूर्वपरवानगी मधले काही काळ सोडले तर १८८१ च्या कायद्यापर्यंत टिकली. शब्द मोकळा आणि चित्र बांधलेलं, अशी व्यवस्था अर्धशतकाच्या आसपास कुठे ना कुठे डोकं वर काढत राहिली.

असं का, याचं उत्तर मास्तरला शोधावं लागत नाही. लेख वाचायला अक्षरओळख लागते, वर्तमानपत्र विकत घ्यायला पैसे लागतात, बसायला निवांत वेळ लागतो. चित्र मात्र दुकानाच्या काचेत लावलं की हमालही बघतो, मोलकरीणही बघते, शाळेचं तोंड न पाहिलेलं पोरही बघतं. पुन्हा सगळे एकत्र उभे राहून बघतात आणि एकत्र हसतात. एकटा माणूस घरात बसून लेख वाचत हसला, तर राज्याला त्याचं काही वाटत नाही. दहा जण एकाच क्षणी एकाच गोष्टीवर हसले की वाटतं. माझ्या वर्गातही तेच झालं होतं. त्या मुलाने माझ्यावर पानभर निबंध लिहिला असता, तर मी चुका दुरुस्त करून वही परत केली असती. चित्र मला सहन झालं नाही, कारण ते अख्ख्या वर्गाला वाचता आलं होतं.

चित्रकथा म्हणून आज जे आपण ओळखतो, त्याची सुरुवातही एका मास्तरच्याच हाताने झाली हे मला फार उशिरा कळलं. स्वित्झर्लंडच्या जिनिव्हात रोडॉल्फ त्योपफर मुलांसाठी निवासी शाळा चालवत असे. डोळ्यांच्या दुखण्यामुळे त्याला वडिलांसारखं चित्रकार होता आलं नाही. १८२७ च्या सुमारास तो विद्यार्थ्यांच्या करमणुकीसाठी चौकटी आखून गोष्टी काढू लागला. वर चित्र, खाली हाताने लिहिलेली ओळ. आपली अब्रू जाईल या भीतीने त्याने त्या कितीतरी दिवस छापल्या नाहीत. गंमत अशी की १८३९ मध्ये त्याच्या चित्रकथांच्या चोरट्या आवृत्त्या पॅरिसात छापल्या त्या ओबेर या प्रकाशकाने, म्हणजे फिलिपाँच्या मेहुण्याने. राजाचं चित्र काढायला बंदी होती, हसवायला नव्हती.

दोमिएचंही तेच झालं. राजा हातातून गेल्यावर त्याने आणि फिलिपाँने रोबेर माकेर नावाचा भामटा उभा केला. हा माकेर कधी बँकवाला, कधी वकील, कधी डॉक्टर, कधी वर्तमानपत्राचा मालक. दर चित्रात नवा धंदा आणि नवी फसवणूक. १८३६ पासून अशी शंभर चित्रं निघाली. एकच पात्र पुन्हा पुन्हा भेटायला येतं आणि वाचक त्याची वाट बघतो, ही सवय वाचकांना अशीही लागत गेली. यावरून कुणी म्हणेल की बंदीमुळे कला फुलते. मला हे वाक्य आवडत नाही. फुलली असेल, पण किती चित्रं काढलीच गेली नाहीत हे कोण मोजणार? न काढलेलं चित्र जप्तीच्या यादीत येत नाही.

इथे आपल्या घरचं बोलायला हवं. व्यंगचित्र म्हटलं की आपल्या मोहल्ल्यात वातावरण घट्ट होतं. २००५ मध्ये डेन्मार्कच्या एका वर्तमानपत्राने हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्या नावाने जी चित्रं छापली, त्याने मीही दुखावलो. ते दुखणं खोटं नव्हतं आणि त्याची मला लाज नाही. २०१५ मध्ये पॅरिसात चित्रकारांना मारलं गेलं, तो खून होता आणि त्याला दुसरं नाव नाही. या दोन वाक्यांत मला कधी भांडण दिसलं नाही. पण या सगळ्यात एक गैरसमज पसरला: मुसलमानाला हसता येत नाही आणि व्यंगचित्र ही गोष्टच मुळी आपली नाही. हा गैरसमज बाहेरच्यांपेक्षा आपल्याच मुलांच्या मनात बसला, याचं मला जास्त वाईट वाटतं.

कारण १९०६ मध्ये तिफ्लिस शहरात, म्हणजे आजच्या जॉर्जियाच्या तिबिलिसीत, एक साप्ताहिक निघालं आणि त्याचं नाव होतं 'मुल्ला नसरुद्दीन'. भाषा अझरबैजानी तुर्की, लिपी अरबी, म्हणजे आपल्या उर्दूच्याच घरातली. संपादक जलील ममदगुलुझादे. आणि हाही मास्तर! गोरी इथल्या शिक्षकांच्या विद्यालयातून १८८७ मध्ये शिकून बाहेर पडला आणि पुढची दहाएक वर्षं खेड्यांतल्या शाळांत शिकवत राहिला. आपल्या लोकांना वाचता येत नाही हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. म्हणून आठ पानांच्या अंकात जवळजवळ निम्मी जागा चित्रांना दिली. ती चित्रं बहुतेक श्मेर्लिंग आणि रोटर हे दोन जर्मन वंशाचे चित्रकार काढत. पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर आपला तोच मुल्ला नसरुद्दीन होता. समोर मुसलमान माणसं गाढ झोपलेली, एखादा जरासा जांभई देत आळस मोडतो आहे, आणि मुल्ला त्यांच्याकडे बघतो आहे.

त्या साप्ताहिकाने झारच्या अंमलदारांना सोडलं नाही, युरोपच्या सत्तांना सोडलं नाही आणि मुलींच्या शाळेला विरोध करणाऱ्या, कोवळ्या पोरींची लग्नं लावणाऱ्या आपल्याच बड्या लोकांनाही सोडलं नाही. त्यामुळे मार दोन्हीकडून आला. सरकारने अंक जप्त केले, साप्ताहिक बंद पाडलं. मौलवींनी वाचू नका म्हणून सांगितलं. संपादकाच्या जिवाला धोका होता. तरी अंक इराणपर्यंत जात होते. ममदगुलुझादेची बेगम हमीदा खानम खर्चाला हातभार लावत होती. १९१२ मध्ये तिने आपल्या गावात मुलामुलींची एकत्र शाळा काढली. पुढे झार गेला, सोव्हिएत आले. साप्ताहिक बाकूतून निघू लागलं. आता अडचण उलटी झाली: या राजवटीला धर्माचीच चेष्टा हवी होती, नावसुद्धा बदलून 'निरीश्वर' अशा अर्थाचं करा म्हणून दबाव आला. म्हातारा संपादक तयार झाला नाही. १९३१ मध्ये साप्ताहिक संपलं.

झारने बंद केलं ते राज्यावर हसतो म्हणून, मौलवींनी दूर ठेवलं ते आमच्यावर हसतो म्हणून, आणि सोव्हिएतांना राग आला तो आम्ही सांगू त्याच्यावर हसत नाही म्हणून. तिघांचं एकमेकांशी कधी पटलं नसतं. पण कुणी कुणावर हसायचं हे आम्ही ठरवणार, यावर तिघांचं एकमत होतं.

आपल्याकडेही इंग्रजांनी १८७८ मध्ये देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांसाठी वेगळा कायदा केला. जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेट छापखानेवाल्याकडून हमी मागू शकत होता, सामान जप्त करू शकत होता आणि त्यावर न्यायालयात दाद नव्हती. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. उर्दूला होता, मराठीलाही होता. लखनौचं 'अवध पंच' हे उर्दू विनोदी पत्र नुकतंच, १८७७ मध्ये, सुरू झालेलं होतं. कायदा काही वर्षांत रद्द झाला, पण त्यामागचा हिशेब पॅरिसचाच होता: तेच म्हणणं थोड्यांपर्यंत पोचणार असेल तर चालेल, सगळ्यांना कळेल अशा भाषेत चालणार नाही. मी ज्या दोन भाषा शिकवून पोट भरतो, त्या दोन्ही एकेकाळी एकाच यादीत होत्या, हे वर्गात सांगायला मला आवडतं. म्हणजे, आवडायचं. अलीकडे सांगताना जीभ जरा अडखळते.

कारण त्या रात्री चार तुकडे जुळवल्यावर मी चौथ्या चौकटीखालची ओळ वाचली. कुकरच्या तोंडी लिहिलं होतं: 'वेलांटी कुठे गेली?'

मास्तरच्या सवयीने मी आधी चूक शोधली. चूक नव्हती. त्या तीन शब्दांत मात्रा आहे, काना आहे, अनुस्वार आहे, उकार आहे आणि वेलांटी दोनदा आहे. सगळं जागच्या जागी होतं. आदल्या चाचणीत याच मुलाने दहा ओळींत सतरा वेलांट्या खाल्ल्या होत्या. वर्षभरात त्याने लिहिलेलं पहिलं निर्दोष मराठी वाक्य मी न वाचता फाडलं होतं.

व्हिक्टर ह्युगोने 'ले मिझराब्ल'मध्ये त्याच लुई फिलिपचा एक किस्सा सांगितला आहे. एका संध्याकाळी राजा पायी परतत होता. फाटकाच्या खांबावर एक पोरगं टाचा उंचावून कोळशाने भली मोठी नासपती काढत होतं, पण हात पुरत नव्हता. राजाने कोळसा घेऊन नासपती पुरी केली आणि पोराला सोन्याचं नाणं दिलं. म्हणाला, यावरही आहे बघ नासपती. नाण्यावर राजाचाच चेहरा होता. किस्सा खरा की खोटा, देव जाणे. पण याच राजाच्या सरकारने १८३५ चा कायदा केला. एकट्या पोरासमोर मोठं मन दाखवता येतं, सगळ्यांसमोर जमत नाही.

मला तेवढंही जमलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात मी त्या मुलाला थांबवलं, कोरा कागद दिला आणि म्हटलं, ते चित्र पुन्हा काढ, मला हवं आहे. तो कागदाकडे बघत म्हणाला, 'नहीं सर, मैं अब निकालता नहीं.' मी म्हटलं, रागावणार नाही. त्याने मान हलवली. त्याच्या जागी मीही विश्वास ठेवला नसता.

त्यानंतर तपासायला आलेल्या गठ्ठ्यात त्याच्या वहीचं शेवटचं पान नव्हतं. नीट पट्टी लावून काढून घेतलेलं. आणखी सहा-सात वह्यांचंही नव्हतं. मी एक पान फाडलं होतं, बाकीची मुलांनी स्वतःच फाडून ठेवली होती. मला सांगावंही लागलं नाही.

एक दिवस धीर करून मी फळ्यावर कुकर काढला. माझा चित्रकलेशी काही संबंध नाही, तो डब्यासारखा दिसत होता. त्याला चष्मा काढला, दाढी काढली. वर्ग चिडीचूप. शेवटी पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, 'सर, शिट्टी राहिली.' मी शिट्टी काढली आणि खाली लिहिलं, 'वेलांटी कुठे गली?' मात्रा मुद्दाम खाल्ली होती. दोन क्षण गेले आणि मग अख्खा वर्ग ओरडला, 'सर, मात्रा कुठे गेली?' खूप हसले. तो हसला की नाही हे मला दिसलं नाही. तो मागच्या बाकावर होता आणि पुढची मुलं उभी राहिली होती.

परवा वह्यांचा गठ्ठा आला. त्याची वही उलटी करून बघितली. शेवटचं पान जागेवर होतं. कोरं. मी लाल पेन न उघडता वही मिटली आणि गठ्ठ्यात ठेवली.